फणसाडचं मचाण

अलिबागहून मुरुडला जाताना रेवदंड्याची खाडी ओलांडली की रस्ता समुद्राला चिकटतो. कोर्लई, बोर्ली, मग काशीद. काशीदला बहुतेक गाड्या उजवीकडे वाळूत उतरतात आणि डावीकडच्या डोंगराकडे कुणी मान वळवत नाही. त्या डोंगरावर, मुरुड आणि रोहा तालुक्यांत पसरलेलं पन्नासहून जास्त चौरस किलोमीटरचं जंगल आहे. 1986 पासून त्याचं नाव फणसाड अभयारण्य. समुद्राच्या इतक्या जवळ सांबर, भेकर, पिसोरी, शेकरू आणि बिबट्या असलेलं जंगल कोकणपट्टीवर आता फार उरलेलं नाही.

एका वैशाखात, बुद्धपौर्णिमेच्या प्राणीगणनेला मी तिथे गेले होते. वाट्याला आलं ते एका पाणवठ्याकाठचं मचाण. फणसाडमध्ये पाणवठ्याला ‘गाण’ म्हणतात. चिखलगाण, धरणाची गाण, फणसाडची गाण. अभयारण्याचं नाव कुठल्या मोठ्या गावावरून आलेलं नाही, या फणसाडच्या गाणीवरून आलं असं तिथे सांगतात. मला ही गोष्ट फार आवडली. बहुतेक अभयारण्यांना डोंगराचं, किल्ल्याचं नाहीतर तालुक्याचं नाव असतं. इथे मान पाण्याला मिळाला, तोही एका छोट्याशा पाणवठ्याला.

सोबत एक वनमजूर होते. साठी ओलांडलेले, पायात रबरी चपला, खांद्यावर टॉवेल. मी त्यांना काका म्हणत होते, ते मला ताई. शिडी चढताना त्यांनी बांबूचा एक डांब हातानं थोपटला आणि म्हणाले, “हितं पहिल्यापासनं मचाण आहे. आमच्या आज्याच्या वेळंपासनं. तवा नवाब बसायचा.”

त्या एका वाक्यानं मला रात्रभर जागं ठेवलं. त्याच पाण्यावर, झाडाच्या तेवढ्याच उंचीवर माणूस बसत आला. हातातली वस्तू तेवढी बदलली. हे मचाण आलं कुठून आणि कुणाकुणाच्या हातांतून गेलं, याचा शोध घ्यावा असं तिथे बसल्या बसल्याच वाटायला लागलं.

शब्दापासून सुरुवात केली. मचाणाच्या मुळाशी संस्कृतातला मंच आहे. मराठीत त्याचं घर मोठं आहे: माच, माचा, माची, मचाण. किल्ल्याची माची त्याच कुळातली. पण कोकणातला शेतकरी शेतात बांधतो त्याला माळा म्हणतो. मोल्सवर्थच्या कोशात माळ्याच्या अर्थांमध्ये शेत राखणाऱ्याची ही बैठकही नोंदलेली आहे. चार डांब, आडवे बांबू, वर पेंढा. पीक दाण्यावर आलं की रात्री माळ्यावर माणूस जातो. खाली धुनी पेटलेली, हाताशी गोफण आणि एखादा पत्र्याचा डबा. रानडुकरांचा कळप शिरला की डबा वाजवायचा, हाळी द्यायची. सगळा हेतू जनावर लांब ठेवण्याचा. माळ्यावरच्या माणसाला जनावर दिसलं नाही तर ती रात्र चांगली गेली.

शिकाऱ्याचं मचाण बरोबर उलट्या कामाचं. जनावर जवळ यावं म्हणून तिथे धुनी नको, आवाज नको, तंबाखूचा वास नको. लाकूड, बांबू आणि सुंभ तेच, आणि बांधणारा माणूसही बहुतेक वेळा तोच. शेतातला माळा बांधणारे हातच शिकारीसाठी मचाण बांधत. आधी काय आलं याचा लेखी पुरावा सापडणार नाही, पण माझ्या मनात शंका नाही. पीक राखायची गरज राजाच्या करमणुकीपेक्षा जुनी आहे.

करमणुकीचा पुरावा मात्र लेखी आहे, तोही आपल्याच भागातला. कल्याणीच्या चालुक्य घराण्यातल्या तिसऱ्या सोमेश्वरानं 1130 च्या सुमारास ‘मानसोल्लास’ नावाचा संस्कृत ग्रंथ रचला. महाराष्ट्रातल्या बायका कांडताना ओव्या गातात असा उल्लेख ज्यात आहे, तोच हा ग्रंथ. त्यात राजाच्या विनोदांत, म्हणजे मन रमवण्याच्या प्रकारांत, मृगयेला मोठी जागा दिली आहे. हरणांच्या शिकारीचे कितीतरी प्रकार त्यात सांगितलेत आणि उन्हाळ्यात पाण्यावर येणाऱ्या हरणांसाठी दबा धरून बसणं हा त्यांतला एक. म्हणजे साडेआठशेहून जास्त वर्षांपूर्वीही उन्हाळा, आटलेलं रान आणि शिल्लक राहिलेलं एक डबकं हे गणित माणसाला पक्कं ठाऊक होतं. आमची गणना वैशाखातच का घेतात, याचं उत्तरही हेच गणित आहे.

आता नवाबाकडे येते. मुरुडसमोर, राजपुरीच्या खाडीच्या तोंडावर जंजिरा आहे. अरबीतल्या ‘जझीरा’ म्हणजे बेट या शब्दावरून आलेलं नाव. तिथे आधी कोळ्यांचा मेढेकोट होता. राम पाटील हा त्यांचा प्रमुख. निजामशाहीच्या काळात तो हबशांच्या हाती गेला आणि पुढे सिद्दी घराण्याचा झाला. शिवाजी महाराजांनी त्याला शह म्हणून जवळच पद्मदुर्ग उभारला. संभाजी महाराजांनी 1682 मध्ये खाडीत भराव टाकून किल्ल्यापर्यंत पोचायचा प्रयत्न केला. किल्ला पडला नाही, हे आपण शाळेत शिकतो. शाळेत शिकवत नाहीत ते असं की किल्ल्याभोवतीच्या किनाऱ्यावर आणि डोंगरांत सिद्दींचं राज्य पुढेही चालू राहिलं, इंग्रजांच्या काळात ते जंजिरा संस्थान झालं आणि 1948 पर्यंत टिकलं. मुरुड, श्रीवर्धन, म्हसळा हा सगळा मुलूख त्या संस्थानातला.

फणसाडचं रान तेव्हा केसोलीचं जंगल म्हणून ओळखलं जाई आणि ती नवाबांची राखीव शिकारगाह होती. राखीव म्हणजे नवाबासाठी राखलेली. बाकीच्यांनी तिथे बंदूक न्यायची नाही. संस्थानात शेती होती, बंदर होतं, नारळी-पोफळीच्या बागा होत्या. आसपासचे डोंगर जळणासाठी आणि कोळशासाठी उघडे होत गेले तेव्हा हा तुकडा एका घराण्याच्या हौसेनं टिकला. हे कबूल करायला जड जातं, पण खरं आहे. देशातली कितीतरी अभयारण्यं अशाच शिकारगाहांतून आली आहेत. भरतपूर, रणथंबोर, सरिस्का ही मोठी नावं झाली. फणसाड त्यांचं किनाऱ्यावरचं, धाकटं भावंड.

आणि पाणी. मुरुडला पाणी देण्यासाठी नवाबी काळातच गारंबीला धरण बांधलं गेलं. त्याच्या डोक्यावर झाडी आहे, झऱ्यांचं पाणी आहे. शहराला पाणी हवं असेल तर डोंगरावर झाड हवं, हा व्यवहार तेव्हाही कुणाला तरी कळला होता. गारंबी हे नाव या जंगलातल्या एका अजस्र वेलीचंही आहे. खोड माणसाच्या मांडीएवढं, झाडांवरून झाडांवर गेलेलं, आणि शेंगा हातभर लांब, काही त्याहूनही मोठ्या. काकांनी मला एक बी दिली. चपटी, तळहातात मावेल एवढी, तपकिरी आणि इतकी गुळगुळीत की वाटलं कुणीतरी तेल लावून घासली आहे. गारंबीची बी पाण्यावर तरंगते. ओढ्यातून समुद्रात गेली की महिनोन्‌महिने वाहत जाऊन दूरच्या किनाऱ्याला लागू शकते. ती बी अजून माझ्या टेबलावर आहे.

नवाबाची शिकार दोन प्रकारे व्हायची, एक हाक्याची आणि दुसरी मचाणावरची. पुस्तकांत मचाणावरच्या माणसाचं वर्णन भरपूर सापडतं. हाक्यातल्या माणसाचं फारच थोडं. म्हणून काकांचं बोलणं मी लक्ष देऊन ऐकलं. ते सांगत होते, “आजा हाक्याला जायचा. पन्नास-साठ माणूस एका वळीत. डबं वाजवायचं, वरडायचं. जनावर उलटलं तर पयला आपण. बंदूक तिकडं, लांब, झाडावर.”

त्या वाक्यात शिकारीचा सगळा नकाशा आहे. ज्यानं शेतातल्या माळ्यावर डबा वाजवून जनावर पळवलं, त्यालाच रानात तोच डबा वाजवून जनावर बंदुकीसमोर आणायला लावलं. माळा त्याचा स्वतःचा होता. मचाण त्यानं बांधलं, पण त्यावर बसायचा हक्क त्याला नव्हता. जंगल राखलं गेलं याचं श्रेय नवाबाला देताना ही किंमत कुणी मोजली हेही लिहायला हवं. ठाकर, कातकरी, धनगर यांची या डोंगरांवरची हक्काची वाट तेव्हापासून अरुंद होत आली. रायगड जिल्ह्यात दळीच्या, म्हणजे रानातल्या कसायच्या, जमिनींचा प्रश्न आजही चिघळलेला आहे, त्याची मुळं या राखीव रानांत आणि वनकायद्यांत आहेत.

1948 च्या सुरुवातीला संस्थान विलीन झालं. त्यासाठी झालेल्या लढ्यात महाडकडच्या नाते गावचे मोहन धारिया होते, तेव्हा विशी ओलांडलेले. पुढे ते केंद्रात मंत्री झाले, आणि त्यानंतर, 1980 च्या दशकात, त्यांनी झाडं आणि पाणलोटाच्या कामासाठी ‘वनराई’ उभी केली. ज्या मुलखासाठी ते तरुणपणी लढले, तिथलं नवाबी शिकाररान त्याच दशकात अभयारण्य झालं. या दोन गोष्टींचा एकमेकींशी थेट संबंध नाही. तरी एका माणसाच्या आयुष्यात ही दोन्ही टोकं बसतात, हे मला नोंदवावंसं वाटतं.

मधल्या काळात मचाणावरून बंदूक उतरायला बराच वेळ लागला. मुंबई राज्यानं 1951 मध्ये वन्यप्राणी आणि पक्षी संरक्षणाचा कायदा केला, पण शिकार परवान्यानं चालूच राहिली. 1972 चा केंद्राचा वन्यजीव कायदा आला, त्यातही सुरुवातीला परवान्याच्या शिकारीला जागा होती. ती 1991 च्या दुरुस्तीनं बंद झाली. म्हणजे ज्यांनी अधिकृत परवान्यावर शिकार केली अशी माणसं अजून आपल्यात आहेत.

बंदूक उतरली ती कायद्यामुळेच असं मात्र मी म्हणणार नाही. काही माणसांनी ती आधीच उतरवली होती, आणि त्यांतला सगळ्यात महत्त्वाचा माणूस याच किनाऱ्यावरचा. अलिबागच्या उत्तरेला किहीम आहे. तिथे सलीम अलींच्या कुटुंबाचं घर होतं आणि त्यांच्या लहानपणीच्या सुट्ट्या तिथे जात. पोरवयात छऱ्याच्या बंदुकीनं एक पिवळ्या गळ्याची चिमणी पाडली, ती ओळखायला मुंबईच्या नॅचरल हिस्टरी सोसायटीत गेले आणि तिथून पक्ष्यांचे झाले, ही गोष्ट बहुतेकांना माहीत असते. पुढची गोष्ट मला जास्त मोलाची वाटते. 1930 च्या पावसाळ्यात, नोकरी नसताना, ते किहीमला राहत होते. घराजवळच्या झाडावर सुगरणींची वसाहत होती. त्यांनी शिडीच्या टोकावर कापडी आडोसा बांधला आणि दिवसचे दिवस त्यात बसून पाहिलं. नर एकामागून एक अर्धी घरटी विणतो, मादी येऊन पाहते, एखादं पसंत करते, मग नर ते पुरं करतो आणि लगेच दुसऱ्या घरट्याला लागतो. सुगरणीच्या संसाराची ही रीत त्या शिडीवरून उलगडली. पुढच्या वर्षी सोसायटीच्या नियतकालिकात ती छापून आली.

शिडीवरचा तो आडोसा म्हणजे मचाणच. उंचावर, लपून, तासन्‌तास. फरक एवढाच की खाली काही पडणार नव्हतं. फणसाडच्या रानात नवाबी शिकार चालू होती त्याच वर्षांत, त्याच किनाऱ्यावर, एक माणूस फक्त पाहण्यासाठी वर चढून बसला होता. आमच्या गणनेच्या मचाणाची वंशावळ मांडायची तर मी त्याचा बाप किहीमला शोधेन.

त्याच सुमारास उत्तरेत चॅम्पियन नावाचा वनाधिकारी वाघाच्या वाटेवर तार लावून रात्री वाघाकडूनच त्याचं छायाचित्र काढून घेत होता. त्याचं पुस्तक 1927 मध्ये आलं. आज झाडाला बांधलेल्या कॅमेऱ्यांनी वाघ मोजतात, त्याची सुरुवात ती. मराठीत व्यंकटेश माडगूळकरांनी हाच प्रवास केला. ते आधी शिकारी होते, मग बंदूक ठेवली आणि वही घेऊन रानात गेले. त्यांचं ‘नागझिरा’ वाचलेला माणूस पाणवठ्यावर वेगळा बसतो, हे मी खात्रीनं सांगते.

त्या रात्रीचं आता सांगते. आम्ही दुपारीच मचाणावर गेलो होतो. खाली गाणीचं पाणी एखाद्या अंगणाएवढं उरलं होतं. भोवती चिखल, वाळत आलेला, आणि त्यात आदल्या रात्रीचा सगळा हिशेब. भेकराचे खूर माझ्या अंगठ्याएवढे, दोन बारीक पाकळ्या टेकवल्यासारखे. सांबराचे त्याच्या दुप्पट आणि खोल. एका कडेला रानडुकरांनी लोळून खड्डा केलेला, त्यात पिवळं पाणी. काकांनी वरूनच बोट दाखवून एकेक वाचून दाखवलं. मला ठसा दिसत होता, त्यांना तो कधी उमटला तेही दिसत होतं. “ह्यो पहाटंचा. कड अजून मोडली नाय.”

संध्याकाळी पश्चिमेचं वारं चढलं आणि त्याला समुद्राचा वास होता. जांभळं पिकली होती. अंजनीच्या गर्द पानांतून शेकरू खाली न उतरता फांद्यांवरूनच गेलं. अंधारताना रातवा बोलू लागला, कुणी लाकडावर टकटक करतंय तसा. मग चंद्र वर आला आणि पाणी पांढरं झालं.

पहिलं साळिंदर आलं. ते दिसायच्या आधी ऐकू आलं. काटे एकमेकांवर घासून येणारा तो आवाज मी पहिल्यांदाच ऐकत होते. ते पाण्याशी थांबलं, प्यायलं, काटे सळसळवत परत गेलं. त्यानंतर बराच वेळ काही नाही. मध्यरात्रीनंतर दोन भेकरं आली, एक मागे झाडीतच उभं राहिलं. पुढचं प्यायला वाकलं, दोनदा मान वर केली आणि अचानक भुंकलं. भेकराचं ओरडणं कुत्र्यासारखं असतं हे वाचलं होतं, तरी छातीत धडधडलं. दोन्ही नाहीशी झाली. काकांनी माझ्या मनगटावर दोन बोटं ठेवली, म्हणजे हलू नका. पलीकडच्या झाडीत काहीतरी होतं. पंधरा-वीस मिनिटं आम्ही दोघं श्वास धरून बसलो. ते बाहेर आलं नाही. बिबट्या होता असं मी तक्त्यात लिहिलं नाही, कारण पाहिला नाही. काका म्हणाले, “होता.” माझा त्यांच्यावर विश्वास आहे.

ही गणना आता फारशी शास्त्रीय मानत नाहीत, हे सांगायला हवं. एकच सांबर दोन पाणवठ्यांवर पाणी पिऊ शकतं. पाऊस आधी पडला तर कुणीच येत नाही. म्हणून अलीकडे बऱ्याच ठिकाणी या रात्रीला ‘निसर्गानुभव’ म्हणतात. मला यात काही गैर वाटत नाही. रानात रात्रभर गप्प बसलेला शहरातला माणूस सकाळी उतरतो तेव्हा जंगलाकडे बघायची त्याची नजर बदललेली असते. असं माझं झालं आणि माझ्याबरोबर आलेल्या आणखी काहींचंही झालं.

2020 च्या 3 जूनला निसर्ग चक्रीवादळ याच किनाऱ्यावर आदळलं. श्रीवर्धन, मुरुडच्या बागा आडव्या झाल्या, फणसाडलाही मोठा फटका बसला. जुनी झाडं मुळासकट गेली, वाटा बंद झाल्या. त्या वाटा कुऱ्हाडी-कोयत्यांनी मोकळ्या केल्या गावातल्याच माणसांनी. उन्हाळ्यात गाणींतला गाळ काढतात तेही तेच, आणि वणवा दिसला की फांद्या घेऊन आधी धावतात तेही तेच. हाक्यातल्या माणसाची नातवंडं आज वनमजूर आहेत, वाटाडे आहेत. रान त्यांच्या डोक्यात आहे आणि त्यांची मजुरी मात्र हंगामापुरती. त्यांना कायमचं काम मिळावं, आणि या अभयारण्याबद्दल जे काही ठरतं त्यात त्यांचं मत पहिल्यांदा विचारलं जावं, असं मला मनापासून वाटतं.

सकाळी आम्ही उतरलो. तक्ता द्यायचा होता. पाणवठ्याचं नाव, वेळ, प्राणी, संख्या, नर की मादी, आणि शेवटी निरीक्षकाचं नाव. तिथे माझं नाव आदल्या दिवशीच लिहून ठेवलेलं होतं. त्याच्या वरच्या मोकळ्या जागेत मी काकांचं पूर्ण नाव, त्यांना विचारून, लिहिलं. तक्ता घेणाऱ्या मुलानं काही न बोलता तो फाईलला लावला.

तुम्ही बुद्धपौर्णिमेला फणसाडला किंवा कुठल्याही पाणवठ्यावर बसायला गेलात, तर दुर्बिणीबरोबर एक पेन न्या. रात्रभर तुमच्याबरोबर जो जागला त्याचं नाव विचारा आणि तक्त्यात लिहा.